‘चालत जायची धमक नसेल तर घरी बसावं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यावरच्या, तिथल्या गोंप्यांवरच्या (बौद्ध मठांवरच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "गाडी दारापर्यंत नेऊन गोंपे बघणं म्हणजे नुसती हजेरी लावणं. चालत जायची धमक नसेल तर घरी बसावं." शिवाय ताबोचा गोंपा डोंगरमाथ्यावर नाही, फोटो फार झालेत, मोटारींमुळे धनकरचा गोंपा ढासळतोय, असंही म्हणालात.

ताबोचं बरोबर. 996 सालचा तो मातीचा गोंपा नदीकाठच्या सपाटीवर आहे, डोंगरमाथ्यावरच्या गोंप्यांत तो बसत नाही. मान्य.

पण ‘घरी बसावं’? कुणाला सांगताय हे? पाठीवर शिधा घेऊन मी सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेत, हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेनं चढलोय. धमक कशाशी खातात ते मला शिकवू नका. आणि मनालीहून कुंझुम खिंड ओलांडून एका दिवसात काझा, म्हणजे स्पितीचं मुख्य गाव, गाठणाऱ्यांतलाही मी नाही. किन्नौरमार्गे, नाकोला मुक्काम करत, उंची अंगवळणी पडू देत गेलो.

या वेळी सोबत आई होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. ‘की’ नावाचा गोंपा चार हजार मीटरच्याही वर आहे. काझाहून गाडी तिथवर जाते, म्हणून ती त्या प्रार्थनागृहात बसू शकली. एका तरुण लामानं हात धरून तिला पायऱ्या चढवल्या, मग स्वयंपाकघरात नेऊन चहा दिला. परतताना वाटभर ती गप्प होती, डोळे मात्र भरलेले. ही हजेरी? तिला असं सांगायला माझी जीभ रेटणार नाही. तुमची रेटत असेल तर बघा.

मुळात ते रस्ते तुमच्या-माझ्यासाठी झालेले नाहीत. कोमिक गाव 4,500 मीटरच्याही वर. तिथल्या बाळंतिणीला, आजारी म्हाताऱ्याला काझाच्या दवाखान्यात न्यायचं तर रस्ताच लागतो. लामासुद्धा गाडीनंच खाली येतात. त्यांची भक्ती कमी झाली असं म्हणाल?

धनकरबद्दल एवढंच, की त्याच्या खालचा सुळकाच झिजतोय. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं 2006 साली त्याला जगातल्या धोक्यातल्या 100 स्थळांत घेतलं. फोटोंचं म्हणाल तर ते ज्याच्या त्याच्या आवडीवर.

टीका जरूर करा, पण लेख आधी शेवटपर्यंत वाचा. धनकर गावातून वरच्या तळ्यापर्यंतची चढण मी पायीच गेलो होतो. तेही त्यात लिहिलंय.