चित्रं नाहीत तर प्रत पूर्ण कशी?

लेखात ॲप्युलियस या प्राचीन रोमन लेखकाच्या ‘गोल्डन ॲस’ या लॅटिन कादंबरीच्या १९२३ च्या सचित्र इंग्रजी आवृत्तीबद्दल म्हटलंय की मजकूर सगळा असेल तर दोन-तीन चित्रं नसली तरी जुनी प्रत बिनधास्त विकत घ्या, हे अजिबात पटलं नाही. अहो नुसती ॲप्युलियसची कादंबरीच वाचायची तर साधी पेपरबॅक आहे की, आणि यातलं ॲडलिंग्टनचं इंग्रजी भाषांतर १५६६ चं, ते कुठेही मिळतं. या आवृत्तीला मोल आहे ते जाँ द बॉशेर या बेल्जियन चित्रकारामुळे!

शिवाय एक महत्त्वाचं लिहायचं राहिलंच. अशा जुन्या पुस्तकांत चित्रं बऱ्याचदा वेगळ्या कागदावर छापून मध्ये घातलेली असतात, त्यांना पान नंबर नसतो, त्यामुळे कोणी ब्लेडने कापून फ्रेम करून विकली तरी नंबर बरोब्बर जुळतात आणि घेणाऱ्याला पत्ताच लागत नाही. इथे लंडनला अशीच एक प्रत मी हातात घेऊन बघितलीये, शिवणीपाशी नखाएवढी कागदाची पट्टी तेवढी उरलेली, समोरच्या पानावर चित्राच्या मापाचा पिवळट चौकोन, आणि विकणारा खुशाल ‘कम्प्लीट’ म्हणत होता. आधी सुरुवातीची चित्रांची यादी उघडा, एकेक चित्र ताडून बघा, मगच पैसे काढा.