कंपनीचा फुटबॉल संघ : पालनपोषण आणि विसर्जन

वाचकहो, आपल्या मालकीची एखादी बरी चाललेली कंपनी असेल, नफ्याचे काय करावे हा प्रश्न आपल्याला छळत असेल आणि क्रिकेटचा संघ आवाक्याबाहेर वाटत असेल, तर आपण अवश्य फुटबॉलचा संघ काढावा. संघ काढणे सोपे असते. तो योग्य वेळी आणि योग्य शब्दांत बंद करणे ही खरी कला असून, प्रस्तुत लेखात मुख्यतः तिचाच विचार केला आहे.

आरंभी खेळाडूला फुटबॉलपटू म्हणून नव्हे, तर कर्मचारी म्हणून भरती करावे, अशी जुनी रीत होती. मुंबईतील बँका, गिरण्या, रेल्वे आणि विमान कंपनी यांचे संघ याच रीतीने हारवुड लीग या मुंबईच्या स्थानिक साखळीत आणि रोव्हर्स चषक या मुंबईतील जुन्या स्पर्धेत खेळले. सकाळी हजेरीपटावर सही, दुपारी मैदान आणि गुडघा निकामी झाल्यावर पुन्हा तीच खुर्ची, असा हा संसार होता. या पद्धतीत एकच मोठा दोष असा की, संघ हरला तरी खेळाडूच्या घरची चूल पेटत राही. पुढे व्यावसायिकतेने हा दोष दूर केला.

1962 मध्ये महिंद्र आणि महिंद्र कंपनीने काढलेला संघ या सर्व अवस्थांतून गेला, म्हणून अभ्यासासाठी तो उत्तम. कालांतराने त्याचे नाव 'महिंद्रा युनायटेड' झाले. आपणही नावात 'युनायटेड' घ्यावे. कोण कोणाशी एक झाले, असे कोणी विचारत नाही. शहराचे नाव मात्र शक्यतो टाळावे, कारण एकदा ते जोडले की शहरातील माणसांना संघ आपलाच आहे असे वाटू लागते आणि आवराआवरीच्या वेळी हा गैरसमज फार त्रास देतो.

यानंतरचा टप्पा सर्वांत धोक्याचा, तो म्हणजे जिंकण्याचा. महिंद्राच्या संघाने 2003 आणि 2005 मध्ये फेडरेशन चषक जिंकला आणि डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली 2005-06 ची राष्ट्रीय लीग, म्हणजे तेव्हाची देशातील सर्वोच्च फुटबॉल साखळीही जिंकली. त्या लीगच्या 11 हंगामांत मुंबईच्या वाट्याला आलेले हे एकमेव विजेतेपद. 2007 मध्ये हा संघ एएफसी चषक या आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला आणि 2008 मध्ये त्याने ड्युरँड चषक पटकावला. सामान्य माणूस म्हणेल, आता या संघाला भय कसले? सामान्य माणसाने ताळेबंद वाचलेला नसतो. गुणतक्त्यात वर चढलेल्या संघाचे खेळाडू महाग होतात, प्रवास वाढतो, परदेशी आघाडीपटू लागतात. तिकिटे आणि प्रक्षेपण यांतून येणारी रक्कम मात्र जागची हलत नाही. हरणारा संघ कंपनीला स्वस्त पडतो, हे सूत्र आपण संचालक मंडळाच्या पहिल्याच बैठकीत मांडून ठेवावे.

आता विसर्जनाकडे वळू. मुहूर्ताच्या बाबतीत पंजाबातील फगवाड्याच्या जेसीटी या कापडगिरणीच्या संघाचे उदाहरण टाळण्याजोगे आहे. 1996-97 ची पहिलीवहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा हा संघ 2010-11 च्या हंगामात खालच्या श्रेणीत घसरला आणि 2011 मध्ये बंद झाला. घसरणीनंतर दुकान आवरले की ते रुसल्यासारखे दिसते. मुंबईच्या महिंद्रा संघाने याच्या वर्षभर आधी, 2010 मध्ये, आय-लीगमध्ये (राष्ट्रीय लीगची जागा घेणाऱ्या साखळीत) असतानाच निरोप घेतला आणि कारण असे दिले की, यापुढे लक्ष तळागाळातील, शालेय वयाच्या मुलांच्या फुटबॉलवर केंद्रित करायचे आहे. या शब्दयोजनेचे मोल आपण ओळखावे. 'खर्च परवडत नाही' असे म्हटले की पत्रकार प्रश्न विचारतात. 'तळागाळ' म्हटले की तेच पत्रकार माना डोलावतात. त्या मुलांनी मोठे होऊन कोणत्या संघात जायचे, हे पत्रकात लिहायचे नसते.

प्रगत विद्यार्थ्यांनी 2014-15 चा हंगाम मुळातून अभ्यासावा. कल्याणी समूहाचा पुण्यातील भारत एफसी हा नवा संघ आय-लीगमध्ये थेट प्रवेश घेऊन आला आणि 11 संघांत शेवटचा ठरला. थेट प्रवेश मिळालेल्यांना घसरणीपासून संरक्षण असल्यामुळे त्याच्या वाटणीची शिक्षा त्याच्या वरच्या संघाला, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवलेल्या गोव्याच्या धेंपो संघाला भोगावी लागली. इतके करून वाचवलेला भारत एफसी त्या एकाच हंगामानंतर स्वतःहून बंद झाला. धेंपो मात्र जुन्या वळणाचा. तो दुसऱ्या श्रेणीत खेळला, ती जिंकून 2016 मध्ये वर येण्याचा हक्क त्याने कमावला आणि त्याच वर्षी, भारतीय फुटबॉल महासंघ इंडियन सुपर लीग या नव्या फ्रँचायझी स्पर्धेपुढे आय-लीगला दुय्यम दर्जा देऊ पाहत असल्याच्या निषेधार्थ, गोव्याच्या आणखी दोन संघांसह बाहेर पडला. पडणारा, पाडलेला आणि चढलेला असे सगळेच शेवटी एका दाराने जावेत, अशी समता अन्य खेळांत क्वचितच पाहायला मिळते.

2015 मध्येच अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसीही थांबला आणि त्याची युवा अकादमी सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी या फ्रँचायझीने घेतली. ती फ्रँचायझी 2019 मध्ये मिटली. तेव्हा आपली अकादमी दुसऱ्याच्या हवाली करताना मुलांच्या पालकांना एवढे आवर्जून सांगावे की, जर्सीवरचे बोधचिन्ह शिवून घेऊ नये. नुसते चिकटवलेले असले, म्हणजे पुढच्या वेळी उसवत बसावे लागत नाही.