बाबांनी विचारलेले लेखाशीर्ष

आज सकाळी इथल्या मराठी मंडळींच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरत आला. टेक्सासच्या उद्यान आणि वन्यजीव खात्याला, म्हणजे टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ डिपार्टमेंटला, दर काही वर्षांनी मुदतवाढ देत बसण्यापेक्षा २०३३ मध्ये ते एकदाचे बंद करावे, म्हणजे आपला प्रॉपर्टी टॅक्स कमी होईल, असा त्याचा आशय होता. खाली चार-पाच अंगठे उमटले होते. त्यातला एक अंगठा अशा गृहस्थांचा होता, ज्यांच्या मुलांनी आयुष्यातला पहिला तंबू याच खात्याच्या उद्यानात आमच्याबरोबर ठोकला होता. तो पाहून मला इतका संताप आला, की ग्रुपवर काही न लिहिता मी फोन बाजूला ठेवला. आता शांतपणे लिहिण्याचा प्रयत्न करते.

आधी प्रॉपर्टी टॅक्सविषयी. हा कर काउंटी, शहर आणि शाळांचे जिल्हे वसूल करतात. राज्य सरकारला तो लावायला टेक्सासच्या घटनेनेच मनाई केलेली आहे. शाळांचा कर खाली यावा म्हणून राज्य आपल्या तिजोरीतून पैसे घालते, हे मला मान्य आहे. पण या खात्याच्या पैशांतला बराच भाग असा आहे, की खाते मोडले तर तो पैसा तिजोरीत उरणारच नाही, तो येणेच बंद होईल. हे मला उमगले ते माझ्या बाबांच्या एका प्रश्नामुळे.

२०१७ च्या फेब्रुवारीत आई-बाबा आमच्याकडे आले होते. बाबांची सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात गेली. एका शनिवारी आम्ही त्यांना फेअरफील्ड लेक स्टेट पार्कला घेऊन गेलो. डॅलसहून ह्यूस्टनच्या रस्त्याने दीड-दोन तासांवर हे तळे आहे. वाटेत नातवासाठी मासे धरायचा एक गळ विकत घेतला. उद्यानात काठावरून मासे धरायला परवाना लागत नाही, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. तळे मुळात जवळच्या वीज केंद्राचे पाणी थंड करण्यासाठी बांधलेले. बाबांनी काठावर उकिडवे बसून पाण्यात हात घातला आणि ‘अगं, गार कसं नाही हे?’ असे चकित होऊन विचारले. मग त्यांनी खिशातून दोन पावत्या काढल्या, एक गळाची आणि एक प्रवेशशुल्काची, गुडघ्यावर ठेवून तळहाताने सरळ केल्या, आणि गळाच्या पावतीवरच्या विक्रीकराच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, ‘हे पैसे जमा कुठे होतात? लेखाशीर्ष कोणतं?’ म्हणजे सरकारी हिशेबात हे पैसे कोणत्या सदराखाली मांडतात?

मी म्हणाले, ‘सरकारकडे.’

‘सरकार हे लेखाशीर्ष नव्हे,’ बाबा म्हणाले.

तेव्हा मला खरोखरच उत्तर माहीत नव्हते. इतकी वर्षे इथे कर भरून मी ते कधी विचारलेही नव्हते. पुढे मी ते शोधून काढले, आणि आज अंगठे दाखवणाऱ्यांनीही ते समजून घ्यावे असे मला तळमळीने वाटते.

उद्यानांचे प्रवेशशुल्क राज्याच्या तिजोरीत राज्य उद्यानांसाठी ठेवलेल्या स्वतंत्र जमाखात्यात जाते, ज्याचा क्रमांक ६४ आहे. शिकारीच्या आणि मासेमारीच्या परवान्यांचे पैसे जमाखाते क्रमांक ९ मध्ये जातात. शिवाय बंदुका आणि काडतुसांवर १९३७ च्या कायद्याने आणि मासेमारीच्या साहित्यावर १९५० च्या कायद्याने जो केंद्रीय अबकारी कर बसतो, त्यातून राज्यांच्या वन्यजीव खात्यांना वाटा मिळतो; मान्य झालेल्या कामांवरच्या खर्चात साधारणपणे तीन चतुर्थांश भार केंद्र उचलते. त्यासाठीची एक अट अशी, की परवान्यांचा पैसा राज्याने दुसरीकडे वळवायचा नाही. म्हणजे ‘खाते बंद करून वाचवलेले’ हे पैसे कोणाच्याही घरपट्टीत कधीच उतरणार नाहीत. शिकाऱ्यांच्या खिशातून आलेल्या पैशांवर आपण हरणांचे फोटो काढतो, हे काही जणांना आवडत नाही. मलाही शिकार आवडत नाही. पण हिशेब हिशेबाच्या जागी ठेवावा लागतो.

आता मुदतवाढीचे. टेक्सासमध्ये १९७७ पासून सनसेट कायदा आहे. बहुतेक सरकारी खात्यांच्या कायद्यातच एक मावळतीची तारीख लिहिलेली असते. साधारण बारा वर्षांनी बारा सदस्यांचा एक आयोग, म्हणजे पाच सिनेटर, पाच प्रतिनिधी आणि दोन सामान्य नागरिक, खात्याची झाडाझडती घेतो, आणि विधिमंडळाने नवा कायदा करून खाते पुढे चालू ठेवले नाही तर ते गुंडाळले जाते. या खात्याला २०२१ च्या अधिवेशनात २०३३ पर्यंत मुदत मिळाली. झाडाझडती चांगलीच असते. खात्यात ढिलाई नाही असे मी म्हणत नाही. पण मुदतवाढ देणे म्हणजे पैसे देणे नव्हे, एवढी साधी गोष्ट लोकांना कळू नये? मुदतवाढीने खाते फक्त जिवंत राहते. त्याला जेवायला किती वाढायचे, हे दर दोन वर्षांच्या अर्थसंकल्पात वेगळे ठरते. मुदतवाढ दिली म्हणून चालू खर्चात फारशी भर पडत नाही. उलट खाते मोडले तर जमेची बाजू आटते आणि जमिनी, बंधारे, १९३० च्या दशकात मंदीतल्या बेरोजगार तरुणांनी बांधलेल्या दगडी इमारती, हे सारे दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडते.

खरी लबाडी होती ती वाढप्याच्या हातात, आणि तिथेच बाबांच्या प्रश्नाचे उत्तर आहे. खेळाच्या आणि मैदानी वस्तूंवर राज्याचा जो ६.२५ टक्के विक्रीकर मिळतो, त्यातून उद्यानांना वाटा द्यायचा असे १९९३ मध्येच ठरले होते. नातवाचा गळ त्यातच येतो. पण कायद्यात असलेला हा वाटा प्रत्यक्षात किती द्यायचा, हे विधिमंडळ दर खेपेला आपल्या सोयीने ठरवत असे. वर राखीव जमाखात्यांत न खर्चलेली शिल्लक तशीच पडू द्यायची, म्हणजे कागदावर राज्याचा एकूण अर्थसंकल्प जुळलेला दिसतो. बाबांना फोनवर हे सांगितले तेव्हा ते हसले नाहीत. ‘मार्चअखेरीला आम्ही हेच बघायचो,’ ते म्हणाले. ‘निधी अखर्चित राहिला की ताळेबंद छान दिसतो, आणि गावात विहीर अर्धवट राहते.’

अर्धवट राहिलेल्या विहिरी इथेही आहेत. २०११ च्या सप्टेंबरात बास्ट्रॉपच्या वणव्यात तिथले उद्यान जवळजवळ सगळे होरपळले, पाइनची झाडे काळे खांब होऊन उभी राहिली. त्या वर्षी दुष्काळाने लोक फिरकले नाहीत, शुल्क बुडाले, आणि डिसेंबरात या खात्याला जनतेकडे ४६ लाख डॉलरची देणगी मागावी लागली. इतक्या श्रीमंत राज्याच्या खात्याने पदर पसरावा! त्याच वर्षी लोकांनी घेतलेल्या गळांवर, तंबूंवर, सायकलींवर कर जमा होतच होता. हे आठवले की आजही माझे डोके फिरते.

२०१९ मध्ये घटनादुरुस्तीवर मतदान झाले आणि सुमारे ८८ टक्के लोकांनी सांगितले, की हा वाटा आता उद्यानांना आणि ऐतिहासिक स्थळांनाच मिळाला पाहिजे. २०२३ च्या नोव्हेंबरात नव्या उद्यानांच्या जमिनीसाठी १०० कोटी डॉलरचा निधीही मतदारांनी मंजूर केला. म्हणजे आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना हे कळते. कळत नसेल तर त्या ग्रुपवरच्या चार-पाच जणांनाच.

लिहिता लिहिता राग थोडा ओसरला आहे, पण पुढची गोष्ट लिहिताना हात जड होतो. फेअरफील्डचे ते उद्यान आता नाही. जमीन वीज कंपनीची होती, खात्याला ती फुकट भाडेपट्ट्याने मिळाली होती, आणि १९७६ पासून लोक तिथे येत होते. २०१८ मध्ये वीज केंद्र बंद झाले, कंपनीने जमीन विकायला काढली, आणि २०२३ मध्ये एका विकासकाने ती तळ्यासकट सुमारे ११ कोटी डॉलरना घेतली. खाते उशिरा जागे झाले, हे कबूल करायलाच हवे. सक्तीच्या भूसंपादनाचा ठराव झाला, पण मूल्यांकन ४१ कोटींच्या वर गेले आणि खात्याने माघार घेतली. ज्या खात्याला वर्षानुवर्षे फक्त दुरुस्तीपुरते, तेही तुटपुंजे मिळत आले, त्याच्याकडे वेळेवर जमीन घेण्याची हिंमत आणि गंगाजळी कुठून येणार? नव्या निधीचे मतदान झाले, ते उद्यान गेल्यानंतर.

संध्याकाळी साताऱ्याला फोन केला. तिकडे सकाळ होती, बाबांचा चहा चालला होता. ग्रुपवरचा संदेश त्यांना वाचून दाखवला. ते काही न बोलता उठले, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि फाइल काढून त्यांनी ती उद्यानाची पावती मला तारखेसकट वाचून दाखवली. छपाई बरीच उडाली आहे, म्हणाले, रक्कम उजेडात धरावी लागते.

‘खातं चालू ठेवलं, निधीही बांधून दिला, मग तळं कसं गेलं?’ त्यांनी विचारले.

मी म्हणाले, ‘जमीन आपली नव्हती, बाबा. आणि जेव्हा घ्यायला हवी होती, तेव्हा पैसे दुसरीकडे शिल्लक म्हणून दाखवत होते.’

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, ‘हिची झेरॉक्स काढून ठेवतो. आणखी उडायच्या आत.’