सोडियम १४० आहे म्हणजे मीठ साठलेलं नाही?

नमस्कार. इतकं सविस्तर आणि आडपडदा न ठेवता लिहिलंत, बरं वाटलं. तुमचे आक्षेप दोन. 'स्टेरॉइडमुळे अंगात सोडियम साठतं' असं मी माझ्या लेखात ठोकून दिलं, पण तुमचे वडील वर्षभर प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी घेत असूनही त्यांच्या रिपोर्टमध्ये सोडियम १४०, म्हणजे अगदी नॉर्मल. आणि असलं काही वाचून लोक गोळ्या परस्पर बंद करतात.

दुसरा आक्षेप आधी घेते, कारण तो बिनशर्त मान्य. महिनोन्महिने चालू असलेली स्टेरॉइडची गोळी एकदम तोडली, तर तोवर सुस्तावलेली, शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवणारी अ‍ॅड्रिनल ग्रंथी लगेच कामाला लागत नाही. रक्तदाब कोसळू शकतो, जिवावरही बेतू शकतं. हे लेखात हवंच होतं, आज घातलंय.

आता तो १४०. हा आकडा एक लिटर रक्तद्रवात किती सोडियम आहे ते सांगतो, अख्ख्या अंगात किती आहे ते नाही. मूत्रपिंडाने मीठ धरून ठेवलं की तहान लागते, पाणीही धरलं जातं, आणि प्रमाण होतं तिथेच राहतं. भांडं मोठं झालं, खारटपणा तेवढाच. साठलेलं मीठ दिसतं ते वजनकाट्यावर, रक्तदाबात, संध्याकाळी घोट्यावर उमटलेल्या मोज्याच्या वळात. मूत्रपिंडाला मीठ धरायला लावणारं शरीरातलं हार्मोन म्हणजे अल्डोस्टेरॉन. ते बेसुमार तयार होतं त्या कॉन्सच्या आजारातही सोडियम बहुतेकदा नॉर्मल किंवा किंचित वरच असतं.

पोटॅशियमचं तसं नाही. अंगातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्तात जेमतेम ३.५ ते ५, त्यामुळे थोडी घटही जाणवते. अल्डोस्टेरॉन वाढलं की ते जातं कसं? मूत्रनलिकेच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशींत अल्डोस्टेरॉन सोडियमची दारं वाढवतं. आत आलेलं सोडियम पलीकडच्या बाजूचा पंप रक्तात ढकलतो: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. इकडे धनभार उचलला गेल्याने नलिकेची बाजू ऋणभारित होते आणि पेशीतलं पोटॅशियम तिकडे ओढलं जातं, लघवीवाटे निघून जातं. काही दिवसांनी वाढलेल्या दाबामुळे मूत्रपिंड जादा सोडियम सोडू लागतं, पण पोटॅशियमची गळती चालूच राहते. हा 'काही दिवसांनी'चा भाग मी लेखात गाळला होता. चूकच.

त्याहून मोठी चूक म्हणजे सगळी स्टेरॉइड मी एकाच पोत्यात भरली. अल्डोस्टेरॉनचा रिसेप्टर (पेशीतली त्याला पकडणारी जागा) कॉर्टिसॉल या शरीरातल्याच दुसऱ्या स्टेरॉइडलाही तितक्याच आनंदाने धरतो, आणि रक्तात कॉर्टिसॉल तर शेकडो पटींनी जास्त. मग आपल्या सगळ्यांचंच पोटॅशियम तळाला का जात नाही? कारण त्या पेशींतलं एक एन्झाइम कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन करून टाकतं, आणि कॉर्टिसोन त्या रिसेप्टरला फारसं चिकटत नाही. (ज्येष्ठमध नेमकं हेच एन्झाइम अडवतं. ते रोज भरपूर घेणाऱ्याचा रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं, आणि तपासावं तर अल्डोस्टेरॉन कमी! मला तरी हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत गमतीचा भाग वाटतो.)

औषधांतही असाच फरक. डेक्सामेथासोनमध्ये मीठ धरण्याचा गुण जवळपास नाही, प्रेडनिसोलोनमध्ये थोडा, आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन तर त्याच कामासाठी देतात. मी वर्णन केलं अल्डोस्टेरॉनचं आणि उदाहरणाला नाव घेतलं प्रेडनिसोलोनचं. तुम्ही गोंधळलात यात तुमचा दोष नाही.

'हे सगळं पुस्तकी' हा तुमचा शेरा मात्र मान्य नाही. अ‍ॅडिसनच्या आजारात अल्डोस्टेरॉन आटलं की सोडियम घसरतं, पोटॅशियम चढतं आणि माणूस नुसतं मीठ खायला मागतो, याच यंत्रणेमुळे.

एक राहिलं. तुम्ही सोडियम लिहिलंत, पोटॅशियम नाही. वडिलांना सोबत लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तो आकडा जरूर विचारा. अशा काही गोळ्या पोटॅशियम आणखी उतरवतात, तर स्पायरोनोलॅक्टोनसारखी उलट चढवते.