‘आधी त्यांना तर सांभाळा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

विशेष मुलांच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी तो नव्याने टाकतं आणि खाली जोडलेले हात, ‘अगदी खरं’ वगैरे येत राहतं. मजकूर थोडक्यात असा: बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ मुलांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यासारख्याच इतरांचे सोबती, म्हणजे पीअर मेंटॉर, करायचं हे खूळ बाहेरून आलंय. या मुलांचं मानसिक वय पाच-सहा वर्षांचं. कायद्यानेसुद्धा त्यांना पालक लागतो. ज्यांना स्वतःलाच शिकवावं लागतं ते दुसऱ्याला काय शिकवणार? चुकीचा सल्ला दिला तर जबाबदार कोण? संस्थांना फोटो हवेत म्हणून हे सगळं चाललंय. आणि शेवटी आवाहन: ‘आपल्या देवाच्या लेकरांचं प्रदर्शन होऊ देऊ नका.’

मी अशाच प्रौढांच्या कार्यशाळेत विशेष शिक्षिका आहे. मेसेज लिहिणाऱ्याला मुलांची काळजी आहे हे दिसतं. तरी त्यातला जबाबदारीचा मुद्दा सोडला तर बाकीचे टिकत नाहीत.

मानसिक वयापासून सुरुवात करू. ही कल्पना पॅरिसचे मानसशास्त्रज्ञ अल्फ्रेड बिने यांच्या बुद्धिचाचणीतून आली. 1905 साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी सिमोन यांनी ती केली, 1908 च्या सुधारित आवृत्तीत प्रश्न वयानुसार लावले. शाळेत कोणत्या मुलांना जादा मदत लागेल ते ओळखायचं, एवढाच तिचा हेतू होता. मानसिक वयाचा आकडा म्हणजे त्या चाचणीतले गुण. अठ्ठावीस वर्षांच्या मुलीने अठ्ठावीस पावसाळे पाहिलेले असतात. तिची पाळी सुरू झालेली असते, आजी गेलेली असते, धाकट्या भावाचं लग्न होऊन वहिनी घरात आलेली असते. पाच वर्षांच्या मुलाकडे यातलं काय असतं? शास्त्रही आता त्या आकड्यावर अडून बसत नाही. 2013 च्या डीएसएम-5 पासून, म्हणजे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेपासून, अक्षमतेची तीव्रता बुद्ध्यांकावरून न ठरवता रोजचे व्यवहार कितपत जमतात त्यावरून ठरते.

कायद्याचा मुद्दा अर्धाच सांगितलाय. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती पालक नेमते, हे खरं. पण 2016 चा दिव्यांग हक्क कायदा प्रत्येक दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे असं धरून चालतो. त्यातलं पालकत्व ठरावीक निर्णयापुरतं आणि ठरावीक मुदतीपुरतं असतं, तेही त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार चालवायचं असतं. आणि मुळात, मित्राला आधार द्यायला कुठल्या समितीचा दाखला लागतो?

आता ‘ते काय शिकवणार’. मेंटॉर म्हणजे छोटा मास्तर, असं मेसेजने गृहीत धरलंय. सोबत्याचं काम त्याहून अरुंद आहे: ऐकायचं, आपण त्या प्रसंगात काय केलं ते सांगायचं, समोरच्याला त्याचं पुढचं पाऊल ठरवू द्यायचं. आमच्याकडे बसप्रवास शिकवताना मी थांबा, नंबर, पास, उतरायची खूण असं क्रमाने शिकवते. आमच्यातला एक सोबती नव्या मुलाला काय सांगत होता? ‘गर्दी असली तर सोडायची, दुसरी येते. कंडक्टर ओरडला तर घाबरू नको. तो सगळ्यांवर ओरडतो.’ माझ्या धड्यात कंडक्टर ओरडतच नव्हता.

अडचण वेगळीच येते. नवे सोबती पहिल्या दिवसांत हुबेहूब आमची नक्कल करतात. बोट नाचवतात, ‘हात बांधून बस’ म्हणतात, ‘शाब्बास’ म्हणून पाठ थोपटतात. आयुष्यभर त्यांनी मदत म्हणजे हेच पाहिलंय! त्यामुळे प्रशिक्षणाचा बराच वेळ ही सवय मोडण्यात जातो. आमच्यातली एक ताई रुसलेल्या नव्या मुलीचं सोंग घेते, सोबती तिच्याशी बोलतो, बाकीचे बघतात आणि मग सांगतात की कुठे मास्तरकी झाली. सांगताना फार हसतात.

हे खूळ आहे का, तेही पाहू. अमेरिकेत बोस्टन विद्यापीठात जेसिका क्रेमर यांनी ‘प्रोजेक्ट टीम’ उभा केला. विकासात्मक अक्षमता असलेली किशोरवयीन मुलं त्यात आपल्या भोवतालचे अडथळे ओळखायला आणि त्यातून वाट काढायला शिकतात. त्यांचे मेंटॉर म्हणून तशीच अक्षमता असलेले तरुण प्रशिक्षण घेऊन काम करत होते. जर्मनीत कील इथे 2013 साली एक प्रकल्प सुरू झाला. आपल्याकडे असतात तशाच संरक्षित कार्यशाळांतल्या लोकांना त्यात तीन वर्षांचं पूर्णवेळ प्रशिक्षण मिळालं. पुढे ते विद्यापीठात भावी शिक्षकांना शिकवू लागले, आणि तेही पगारावर.

इंग्लंडची गोष्ट जास्त बोचणारी आहे. ऑलिव्हर मॅकगोवन हा स्वमग्न (ऑटिस्टिक), सौम्य बौद्धिक अक्षमता असलेला अठरा वर्षांचा मुलगा. 2016 मध्ये रुग्णालयात त्याला एक मनोविकारविरोधी औषध दिलं गेलं. ते नको, असं तो स्वतः आणि त्याचे आईवडील सांगत होते. तो वाचला नाही. 2022 च्या कायद्याने तिथल्या आरोग्य आणि सेवा क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांना या विषयाचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. त्याच्या नावाच्या अभ्यासक्रमात समोर उभे राहून शिकवणाऱ्यांत बौद्धिक अक्षमता असलेली आणि स्वमग्न माणसं असतात. म्हणजे तिथे डॉक्टर-नर्स त्यांच्याकडून शिकतात.

जबाबदारीचा प्रश्न मात्र खरा आहे. आमच्या मुलांना ‘हो’ म्हणायची सवय लागलेली असते. मोठ्या माणसाने विचारलं की हो, दुखतंय का तर हो, बरं वाटतंय का तरी हो. सोबतीही दडपणाखाली हो म्हणेल, नको ती गोष्ट गुपित म्हणून पोटात ठेवेल, स्वतःच घाबरेल. म्हणून कोणी कशात पडायचं नाही हे आधी ठरलेलं असावं लागतं. औषधाबद्दल सोबती बोलत नाही, पैसे देत-घेत नाही. मारहाण, नको तिथे हात लावणं आणि जीव द्यायची भाषा या तीन गोष्टी कानावर आल्या की ताईला सांगायचंच, मग कितीही शपथ घातलेली असो. याची चित्रकार्डं असतात, ती पुन्हा पुन्हा घोकली जातात. आणि सोबत्याच्या मागे कायम एक माणूस असतो. तो नसेल तर उपक्रम सुरूच करू नये, इथपर्यंत मी मेसेजवाल्यांबरोबर आहे. पण हे कोणत्याही हेल्पलाइनवरच्या स्वयंसेवकालाही लागू आहे, आणि म्हणून हेल्पलाइन बंद करा असं कुणी म्हणत नाही. शिवाय दुसरी बाजू बघा. घरातल्याच कुणी त्रास दिला तर ते आम्हाला, म्हणजे त्याच घरच्यांशी रोज फोनवर बोलणाऱ्यांना, मूल पटकन सांगेल का? डब्याच्या वेळी शेजारी बसणाऱ्याला सांगण्याची शक्यता जास्त.

फक्त बोलणारी, सौम्य गटातली मुलंच सोबती होतात, असाही एक टोमणा खालच्या चर्चेत असतो. बऱ्याच अंशी खरं आहे, आणि तो आमचा आळस आहे. आयआयटी मुंबईत तयार झालेल्या ‘जेलो’सारख्या ॲपवर चित्र दाबून बोलणारा मुलगा, नुकतंच तसं ॲप हातात आलेल्या दुसऱ्या मुलाला माझ्यापेक्षा चांगलं शिकवेल. आम्ही त्याला विचारतच नाही.

देवाची लेकरं, हे मी सोडून देते. श्रद्धेशी वाद नाही.

उरले फोटो. हो, काढतात. दिव्यांग दिनाला, म्हणजे 3 डिसेंबरला, व्यासपीठावर बसवतात, शाल-श्रीफळ देतात आणि 4 तारखेला परत पाकिटं भरायला बसवतात. प्रदर्शन होतं ते काम खोटं असल्यामुळे. काम खरं करायचं तर त्याचे तास मोजावे लागतात आणि पैसे द्यावे लागतात. आमच्याकडे कागदी पिशवीचा दर नगावर ठरलेला आहे. नवीन आलेल्या, रडणाऱ्या मुलाजवळ एखादा सोबती अख्खी दुपार बसला, तर त्या दिवशी त्याच्या पिशव्या कमी भरतात आणि पैसेही कमी मिळतात. पालकसभेत विचारायचंच असेल तर या दुपारचा दर काय, हे विचारा.