‘नॅनो थेंबांनी शुगर मुळापासून जाते’ हा दावा खोटा आहे

यवतमाळ-वाशीमकडच्या गावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरतो आहे : नॅनो तंत्राचे थेंब जिभेखाली घ्या, महिनाभरात शुगर कायमची जाते, इन्शुलिन बंद करा. मधुमेह कायमचा घालवणारे असे थेंब अस्तित्वातच नाहीत.

संशोधन मात्र खरे आहे. इन्शुलिन हे प्रथिन. तोंडाने घेतले तर पोटात पचून जाते, म्हणून सुई टोचावी लागते. ते अतिसूक्ष्म, म्हणजे नॅनो, कणांबरोबर आतड्यातून रक्तात पोहोचवण्याचे प्रयोग चालू आहेत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलिया-नॉर्वेच्या अभ्यासात असे इन्शुलिन उंदरांना आणि बबून माकडांना दिले होते. ते उद्या माणसांसाठी आले, तरी सुई टळेल. आजार जाणार नाही. कृषी केंद्रात २०२१ पासून नॅनो युरिया मिळतो, त्यामुळे शब्द ओळखीचा वाटतो आणि माणसे फसतात, याचे फार वाईट वाटते.

सर्वांत मोठी भीती टाइप १ मधुमेहाच्या, म्हणजे ज्यांचे शरीर स्वतः इन्शुलिन जवळजवळ बनवतच नाही अशा, मुलांची. त्यांचे इन्शुलिन थांबले की थोड्याच दिवसांत, कधी एका दिवसातही, रक्तात आम्ल साचते : उलट्या, धाप, बेशुद्धी, वेळेत उपचार नसतील तर मृत्यू.

मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. कोणी बाटली विकायला आले तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात कळवा. आणि घरात कोणी इन्शुलिन थांबवले असेल, तर त्यांना आजच दवाखान्यात न्या.