डलहौसीचा किताबही वारसाविना बुडाला

सातारा, नागपूर, झाशी खालसा करणारा ‘लॉर्ड डलहौसी’ आपण शाळेपासून घोकतो. पण डलहौसी हे त्याचं आडनावच नव्हे. आडनाव रॅमसे, नाव जेम्स. डलहौसी हा एडिनबराजवळचा त्यांचा किल्ला. त्यावरून १६३३ मध्ये घराण्याला अर्लपद, म्हणजे सरदारकीचा एक वंशपरंपरागत किताब, मिळालं आणि ब्रिटिश रिवाजाप्रमाणे किताबाचं नाव हीच सही झाली. ‘मार्क्विस डलहौसीने सातारा खालसा केला’ असंही सर्रास छापतात. सातारा खालसा झाला त्या १८४८ मध्ये हे गृहस्थ दहावे अर्ल होते. मार्क्विस, म्हणजे अर्लच्या वरचा दर्जा, झाले १८४९ मध्ये, पंजाबच्या विजयानंतर.

थोरले भाऊ आधी गेले म्हणून अर्लपद धाकट्या जेम्सकडे आलं, १८३८ मध्ये वडील वारल्यावर. १८६० मध्ये तो स्वतः गेला तेव्हा मागे दोन मुली, मुलगा नाही. मग किताबांचं काय झालं? ‘दत्तक नाकारणाऱ्याला नियतीने धडा शिकवला’ हे वाक्य लिहायचा मोह मला समजतो, पण खरी गंमत सनदेच्या शब्दांत आहे.

प्रत्येक किताबाची सनद वेगळी आणि ती ज्याच्या नावे निघाली त्याच्यापासूनच वंश मोजायचा. मार्क्विसपद जेम्सच्या नावे, म्हणून त्याचे स्वतःचे औरस पुरुष वंशजच वारस. ते नव्हते, मार्क्विसपद बुडालं. १८१५ चं बॅरनपद (सरदारकीची सर्वांत खालची पायरी) त्याच्या वडिलांच्या नावे. त्यांचा दुसरा कुणी मुलगा-नातू उरला नव्हता, तेही बुडालं. अर्लपद मात्र जुनं, घराण्याच्या पुरुष शाखांत सरकणारं. ते चुलतभावाकडे गेलं: फॉक्स मॉल, लॉर्ड पॅनम्यूर, क्रिमियन युद्धातला युद्धमंत्री. म्हणजे एकाच माणसाच्या मृत्यूने दोन किताब संपले आणि तिसरा भाऊबंदांत गेला. जमीनजुमल्याचे नियम वेगळे असल्याने आईकडून आलेली कोलस्टनची इस्टेट थोरल्या मुलीला, सूझनला, मिळाली. (त्या घरात एक मंतरलेलं नाशपाती पिढ्यान्‌पिढ्या जपलंय, ते शाबूत तोवर भरभराट, अशी समजूत. भानामती काही आपल्याकडेच नाही.)

आणि दत्तक? इंग्लंडच्या कायद्यात तेव्हा दत्तकाला जागाच नव्हती. आजही दत्तक मुलाला किताब मिळत नाही. इकडे साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी मरणाआधी घेतलेला दत्तक, झाशीत गंगाधररावांनी आदल्या दिवशी घेतलेले दामोदरराव, हे हिंदू धर्मशास्त्रानुसार पुरेपूर वारस होते. डलहौसीचं म्हणणं असं की खाजगी मालमत्तेला दत्तक चालेल, पण मांडलिक राज्यासाठी सार्वभौम सत्तेची मंजुरी हवी. मंजुरी द्यायची की नाही, हे ठरवणारी सत्ता तीच आणि राज्य गिळणारीही तीच. माझा आक्षेप इथे आहे. ब्रिटनमध्ये किताब बुडाला तरी घर, शेती, भांडीकुंडी वारसांकडेच राहायची. नागपूरकर भोसल्यांच्या वाड्यातले दागिने मात्र लिलावात निघाले.

उरलेल्या अर्लपदातही एक खोच होती. ते स्कॉटिश होतं, आणि १७०७ मध्ये स्कॉटलंड-इंग्लंड एक झाल्यावर स्कॉटिश सरदारांना हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, आपोआप जागा नसे. ते आपल्यातून फक्त सोळा जण निवडून पाठवत. वडिलांचं १८१५ चं बॅरनपद याच कारणाने मोलाचं होतं, त्यावर थेट जागा मिळे. फॉक्स मॉलला ती अडचण आली नाही, कारण पॅनम्यूरचं बॅरनपद त्याच्याकडे होतं. १८७४ मध्ये तोही निपुत्रिक वारला आणि तेही बुडालं. बारावे अर्ल झाले आरमारातले जॉर्ज रॅमसे. त्यांना लॉर्ड्समध्ये बसवायला १८७५ मध्ये बॅरन रॅमसे ही नवी कोरी सनद काढावी लागली.